हॉस्टेलवरची मुलं रात्रभर वेब सिरीज का बघतात?

तुमची मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रात्री तीनपर्यंत सिरीज बघते, सकाळची लेक्चरं बुडतात. हा आळस म्हणायचा की व्यसन, असं तुम्ही विचारलंय. बहुतेकदा दोन्ही नसतं.

पूर्वी मालिका साडेआठला लागायची, नऊला संपायची; कुठे थांबायचं ते चॅनेल ठरवायचं. 2013 मध्ये नेटफ्लिक्सने ‘हाऊस ऑफ कार्ड्स’चे तेराही भाग एकाच दिवशी आणले, तेव्हापासून ते ठरवणं प्रेक्षकाच्या गळ्यात पडलं. भाग मुद्दाम ऐन मोक्यावर तोडलेला असतो आणि काही सेकंदांत पुढचा आपोआप सुरू होतो. त्यात प्रॅक्टिकल, सबमिशन, मेस उरकल्यावरच मुलांना स्वतःचा वेळ मिळतो, आणि बऱ्याच प्लॅनमध्ये रोजचा डेटा रात्री बाराला नव्याने मिळतो.

खरं नुकसान झोपेचं. 18 ते 25 वयाच्या 423 जणांच्या पाहणीत (2017) सलग भाग बघणाऱ्यांची झोप खराब आढळली, आणि त्यामागे मुख्यतः झोपायच्या वेळी डोक्यात चालू राहणारी कथा होती. म्हणून नाइट मोड लावून स्क्रीन पिवळी करून भागत नाही. बंद केल्यावर निदान अर्धा तास मध्ये जायला हवा. अपुऱ्या झोपेत दिवसा वाचलेलंही नीट मुरत नाही.

‘आता बघूच नकोस’ हे टिकत नाही. त्यापेक्षा ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्सचं अकाउंट उघडून तिच्या प्रोफाइलच्या प्लेबॅक सेटिंग्जमध्ये ‘पुढचा भाग आपोआप’ची खूण काढायला सांगा. बदल लगेच लागू झाला नाही तर दुसऱ्या प्रोफाइलवर जाऊन परत यायचं. फोनवर मोजकेच भाग डाउनलोड ठेवायचे.

सगळ्यात उपयोगी मला हे वाटतं: भाग संपल्यावर थांबायचंच नाही. शेवटी लावलेला पेच पुढच्या भागाच्या पहिल्या पाच-दहा मिनिटांत बहुधा सुटतो. तेवढं बघायचं आणि तिथे, मधेच बंद करायचं. उत्सुकता तिथे सर्वात कमी असते, त्यामुळे उठणं जमतं. उठायची वेळ मात्र रविवारीही तीच हवी, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ती मैत्रिणींना टाळत असेल, जेवण सुटलं असेल, दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, तर सिरीज हे कारण नसून आडोसा असू शकतो. तेव्हा रागवू नका, तिच्याशी बोला. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर 14416 ला कधीही फोन करता येतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.