गोव्यातल्या शालेय निसर्ग शिबिरात मॅस्लोचा गरजांचा सिद्धांत वापरता येतो का?

नक्कीच येतो. फक्त मानसशास्त्रज्ञ मॅस्लोची १९४३ ची मांडणी (आधी भूक-तहान, मग सुरक्षितता, आपलेपणा, मान आणि शेवटी स्वतःचा विकास) जिन्यासारखी एकेक पायरी चढत बसू नका. पावसाळ्यात मोलेच्या रानात मुलं नेताना जेवण, पाणी, कोरडे कपडे, शौचालय हे आधीच बघा. नाहीतर समोर धनेश पक्षी बसला तरी पोरांचं लक्ष जळवांवर. जळू नखाने कडेने सारून कशी काढायची, ते निघण्यापूर्वी दाखवा. निम्मी भीती तिथेच जाते.

पुढच्या टप्प्यासाठी मला डेसी आणि रायन हे मानसशास्त्रज्ञ जास्त पटतात. त्यांच्या मते माणसाला आतून उत्साह येतो तो तीन गोष्टींनी: स्वतः ठरवणं, जमतंय असं वाटणं, आपलेपणा. थांबायचं कुठे हे गटाला ठरवू द्या. आणि सगळ्यात गप्प पोराच्या हातात दुर्बीण द्या, बाकीचे आपोआप त्याच्याभोवती जमतात.