ओठावर फोड येतो, म्हणून लग्न मोडू का?

"मॅडम, मला हर्पीस आहे. तिला फसवायचं नाही. लग्न मोडू का?"

नौपाड्यातल्या माझ्या केबिनमध्ये आलेला हा मुलगा २९ वर्षांचा, ऐरोलीला आयटीत नोकरी. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) साखरपुडा झालेला, हॉलचं बुकिंग झालेलं. लहानपणापासून वर्षातून दोन-तीनदा, ताप येऊन गेला की किंवा उन्हातान्हात फिरणं झालं की खालच्या ओठाच्या कडेला फोड उठायचे. आई म्हणायची, ताप ओठावर फुटला, आणि तूप लावायची. मग एका रात्री त्याने मोबाइलवर शोधलं. हर्पीस आणि गुप्तरोग हे दोन शब्द एकाच ओळीत दिसले. तेव्हापासून तलावपाळीवर फिरतानाही तो हातभर अंतर ठेवून चालायचा, भेळेची प्लेट वेगळी मागवायचा. ओठ बरा असतानाही. तिकडे तिला वाटू लागलं, याच्या मनाविरुद्ध ठरलंय.

लग्न ठरलेली मुलंमुली हा प्रश्न इतक्या वेळा घेऊन येतात, की उत्तर नीट सांगायला हवं.

ओठावरचे हे फोड बहुतेक वेळा एचएसव्ही-१ या हर्पीसच्या विषाणूमुळे येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पन्नाशीच्या आतल्या सुमारे ६४ टक्के लोकांच्या शरीरात तो असतो, म्हणजे जवळपास ३८० कोटी माणसं. कित्येकांना आयुष्यात एकदाही फोड येत नाही. लागण बहुधा लहानपणी होते, कुणीतरी लाडाने घेतलेल्या पाप्यातून. पुढे तो चेहऱ्याच्या मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो. ताप, ऊन, जागरण, ताण, पाळी असं काही निमित्त झालं की वर येतो. त्यामुळे ओठावरच्या फोडावरून कुणाच्या चारित्र्याचा अंदाज बांधणं हा निव्वळ अन्याय आहे. आपल्याकडे जिला नागीण म्हणतात, तिचा विषाणू वेगळा.

"पण तिला होईल का?"

होऊ शकतो. इथे खोटा दिलासा द्यायचा नाही, असं मी मानते. ओठ चुरचुरायला लागल्यापासून खपली पडून कातडी पूर्ण भरेपर्यंत, साधारण आठ-दहा दिवस, धोका सर्वांत जास्त. एरवी फोड नसतानाही विषाणू अधूनमधून लाळेत उतरतो. तेव्हा धोका कमी असतो, शून्य नसतो. फोड असताना चुंबन नको आणि मुखमैथुनही नको, कारण ओठावरचा हाच विषाणू जननेंद्रियावर लागण करू शकतो. ही गोष्ट लाजेपोटी कुणी विचारत नाही, म्हणून मी आपणहून सांगते. फोडाला हात लागला तर साबणाने धुवायचा. तोच हात डोळ्याला लागला तर बुबुळाला इजा होऊ शकते. लिपबाम, पाण्याची बाटली तेवढे दिवस वेगळी. तान्ह्या बाळाचा पापा अजिबात नाही, त्याच्या जिवावर बेतू शकतं. चुरचुर सुरू होताच डॉक्टरांनी दिलेली असायक्लोविर किंवा व्हॅलासायक्लोविरची गोळी घेतली तर फोड लवकर आटोपतो. विषाणू मात्र शरीरातून जात नाही.

त्याला मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं आणि म्हटलं, तिला तू स्वतः सांग. पत्रिका छापायच्या आधी सांग.

पुढच्या वेळी दोघं आली. तिला कधी असे फोड आले नव्हते. रक्त तपासू का, असं तिने विचारलं. लक्षणं नसताना ती तपासणी सहसा करत नाहीत. पॉझिटिव्ह आली तरी लागण कुठे आणि कधी झाली, ते कळत नाही. हे तिला लगेच पटलं. न पटलेली गोष्ट वेगळीच होती. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "फोडाचं मला काही नाही रे. चार महिने मी आरशात बघून विचार करत होते, माझ्यात काय कमी आहे?" तो खाली बघत राहिला. त्या दिवसाचा बाकीचा वेळ विषाणूवर गेलाच नाही, या चार महिन्यांवर गेला. जावा असंच मला वाटत होतं.

उठताना तिने विचारलं, पुढे दिवस राहिले तर? ओठावरच्या जुन्या फोडाने सहसा अडचण येत नाही. पण गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जननेंद्रियावर पहिल्यांदाच लागण झाली तर बाळाला धोका असतो. म्हणून त्या शेवटच्या तीन महिन्यांत, त्याचा ओठ बरा असला तरी, मुखमैथुन पूर्ण बंद, आणि नाव नोंदवतानाच डॉक्टरांना सगळं सांगायचं. तिने ते मोबाइलमध्ये लिहून घेतलं आणि त्यालाही पाठवलं.