जिथे इंग्रज होते तिथे बँका-शेअर बाजार वाढले आणि फ्रेंच होते तिथे खुंटले, हे खरं का?

अर्धंच खरं. आणि तेही सहसा जे कारण सांगतात त्यामुळे नाही.

हा दावा मुख्यतः अर्थतज्ज्ञ ला पोर्टा आणि सहकाऱ्यांच्या १९९८ सालच्या शोधनिबंधातून आलाय. इंग्रजी कायद्याच्या परंपरेतल्या देशांत छोट्या भागधारकाला आणि धनकोला जास्त संरक्षण मिळतं, फ्रेंच परंपरेत कमी, असं त्यांनी दाखवलं. पण पुढे राजन आणि झिंगालेस यांनी २००३ मध्ये दाखवून दिलं की १९१३ साली अर्थव्यवस्थेच्या मानाने फ्रान्सचा शेअर बाजार अमेरिकेपेक्षा मोठा होता. कायद्याचं घराणं तेच, मग पुढे बाजार आक्रसला कसा?

दुसरी मांडणी असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन यांची (२००१, पुढे २०२४ चं नोबेल). मलेरिया, पीतज्वराने गोरे वसाहतकार जिथे मरत, तिथे त्यांनी फक्त ओरबाडणारी यंत्रणा उभी केली. जिथे घरं बांधून राहिले, तिथे मालमत्तेचे हक्क जपले. मृत्युदराच्या आकड्यांवर आक्षेप आहेत आणि ते हलके नाहीत. तरी मला ही दिशा जास्त पटते, कारण ती कायद्याच्या पुस्तकापेक्षा हेतूकडे बघते.

पत नेमकी कोणासाठी उभारली, हे विचारलं की चित्र उलगडतं. ब्रिटिश पश्चिम आफ्रिकेत १९१२ मध्ये चलन मंडळ आलं. जेवढं चलन बाहेर, तेवढं स्टर्लिंग (ब्रिटिश पौंड) लंडनमध्ये ठेवायचं. स्थानिक कर्ज देणं हे त्याचं कामच नव्हतं. ब्रिटिश बँका निर्यातीच्या व्यापाराला पैसा पुरवत, आफ्रिकी शेतकऱ्याला क्वचितच. फ्रेंचांचं वेगळं नव्हतं: सेनेगलच्या पहिल्या बँकेचं भांडवल गुलामगिरी संपल्यावर गुलामांच्या मालकांना मिळालेल्या भरपाईतून आलं. (भरपाई मालकांना, गुलामांना नाही!) कायदे दोन, गिऱ्हाईक मात्र एकाच प्रकारचं.

कायदा चांगला असूनही काय होतं, हे दख्खनमध्ये दिसतं. रयतवारीत शेतकऱ्याच्या नावावर जमीन आली, म्हणजे ती तारण ठेवता येऊ लागली. दिवाणी कोर्टं आली, म्हणजे वसुली सोपी झाली. अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे यातून कर्ज स्वस्त व्हायला हवं. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्याला तीन वर्षांची मर्यादा घातली, हेतू व्याज साचू नये हा. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवा रोखा लिहून घ्यायला सुरुवात केली, थकलेलं व्याज मुद्दलात मिळवून. निरक्षर शेतकरी अंगठा देई आणि कोर्ट कागद बघून निकाल. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा पेटला, तेव्हा लोकांच्या रागाचं मुख्य लक्ष्य सावकारांच्या वह्या आणि रोखे होते. १८७९ च्या कायद्याने कोर्टांना रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासायला सांगितलं. सहकारी पतसंस्थांचा कायदा यायला १९०४ उजाडलं. करार बजावणारी यंत्रणा होती, पण दोन्ही पक्षांना कागद सारखा वाचता येत नव्हता, आणि हा फरक देशादेशांची तुलना करणाऱ्या तक्त्यांत दिसत नाही.

म्हणून ‘कुणाची वसाहत’ यापेक्षा तीन गोष्टी शोधा: जमिनीच्या नोंदी कुणाच्या सोयीने केल्या, कोर्टात जाणं कुणाला परवडे, आणि बँकेला कुठलं तारण चाले. यांचा ठसा खरंच टिकतो.

पण कायम राहतो असं नाही. कलकत्ता, मुंबई आणि मद्रासच्या प्रेसिडेन्सी बँका व्यापारासाठी होत्या. १९२१ मध्ये त्या मिळून इम्पीरियल बँक झाली, १९५५ मध्ये तीच स्टेट बँक. कायद्याने तिला पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडायला लावल्या, आणि तिने त्या उघडल्या.