पुलाला गोल्ड मिळालं म्हणजे तो पुरात टिकेल का?

प्रश्न : आमच्याकडे रस्त्यांची, पुलांची कामं जोरात चालू आहेत. माझी मुलगी अमेरिकेत सिव्हिल इंजिनिअर आहे. ती सांगते की तिकडे पूल, पाइपलाइन, पंपिंग स्टेशन यांनाही एन्व्हिजन नावाचं रेटिंग देतात, गोल्ड प्लॅटिनम वगैरे, पर्यावरणाचं नुकसान किती आणि आपत्तीत टिकायची ताकद किती हे दोन्ही बघून. असं काही आपल्याकडे असतं तर २०१६ ला पुरात वाहून गेलेला आमचा सावित्री नदीवरचा पूल वाचला असता का?
– एक वाचक, महाड

उत्तर : काका, सरळच सांगतो, नुसत्या रेटिंगने नसता वाचला. पण त्या रेटिंगच्या आत जे प्रश्न आहेत ना, ते जर कोणी आपल्या जुन्या पुलांना दर पावसाळ्याआधी विचारले असते तर २ ऑगस्टच्या रात्री त्या पुलावर एसटी गेल्याच नसत्या असं मला मनापासून वाटतं.

आधी एन्व्हिजन काय ते बघू. अमेरिकेतल्या सिव्हिल इंजिनिअर, सल्लागार कंपन्या आणि सार्वजनिक बांधकामवाले अशा तीन संघटनांनी मिळून २०१० मध्ये एक संस्था काढली, ती आणि हार्वर्ड विद्यापीठातला एक गट यांनी हे तयार केलं. २०१३ मध्ये पहिलं गोल्ड मिळालं ते अलास्कात अँकरेजच्या एका सरकारी मत्स्यबीज केंद्राला. सध्याच्या आवृत्तीत ६४ मुद्दे आहेत, पाच गटांत : लोकांचं जगणं, नेतृत्व, साधनसंपत्ती, निसर्ग आणि शेवटचा हवामान व टिकाऊपणा. त्या शेवटच्या गटात १० मुद्दे, त्यातले सहा खास आपत्तीबद्दल : जागाच धोक्याची आहे का, हवामान बदललं तर काय होईल, धोका नीट मोजलाय का, टिकायचं म्हणजे नेमकं कशात आणि किती हे ठरवलंय का, त्याप्रमाणे बांधलंय का, आणि आजूबाजूच्या बाकीच्या यंत्रणांशी याचा मेळ आहे का.

आता मार्क बघा. २० टक्के मिळाले की पास, ३० ला सिल्व्हर, ४० ला गोल्ड आणि ५० ला प्लॅटिनम. लोक हसतात की निम्म्या मार्कांत प्लॅटिनम कसं, पण तक्ता फार कडक आहे, नुसते नियम पाळले तर त्यात मार्कच नाहीत, नियमापेक्षा जास्त काय केलं त्याचे मार्क. मला खटकतं ते वेगळंच, मार्क एकत्र मोजले जातात त्यामुळे एखादं काम झाडं, सायकल ट्रॅक, लोकांशी चर्चा, पाण्याचा पुनर्वापर यावर भरपूर मार्क घेऊन वर जाऊ शकतं आणि पुराच्या सहा मुद्द्यांवर तसं साधारणच राहू शकतं. म्हणून कोणी सांगितलं अमुक कामाला गोल्ड मिळालंय तर माझा पहिला प्रश्न, कोणत्या गटात किती?

सावित्रीचा तो पूल १९२८ चा, दगडी कमानींचा. वर महाबळेश्वरच्या डोंगरात तुफान पाऊस, खाली नदी फुगलेली, रात्रीची वेळ, आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी आणि बाकी गाड्या वाहून गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पाहणी होऊन पूल वाहतुकीला सुरक्षित असल्याचं सांगितलं गेलं होतं हे तेव्हा सगळीकडे छापून आलं. मला यात सगळ्यात जास्त त्रास होतो तो याचा. मे महिन्यात पाण्यावरचा पूल बघणं सोपं असतं, कमान दिसते, कठडा दिसतो, सांध्यात पिंपळ उगवलेला असला तर तोही दिसतो. पण पूल बऱ्याचदा मार खातो तो खालून. पुरात पाणी पिअरच्या, म्हणजे पुलाच्या खांबाच्या, पायाभोवतीची वाळू-माती ओढून नेतं, पाणी ओसरलं की तिथे परत गाळ बसतो आणि वरून बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी वाटतं. त्यासाठी पाण्याखाली माणूस उतरवायला लागतो, नदीच्या तळाची पातळी दरवर्षी मोजून ठेवायला लागते. नवीन पूल १६५ दिवसांत उभा राहिला, जून २०१७ मध्ये सुरू झाला, कौतुकच आहे. पण टिकाऊपणाची खरी परीक्षा उद्घाटनानंतर सुरू होते आणि तिथेच आपण पैसे द्यायला हात आखडता घेतो.

याउलट आपल्याच कोकणातलं चांगलं उदाहरण सांगतो, कोकण रेल्वे. पावसाळ्यात तिचं टाइमटेबलच वेगळं असतं, गाड्या हळू चालवतात, दरडीच्या जागी रात्रंदिवस गस्त असते, काही पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रणा आहे, त्यात तुमची सावित्रीही आहे आणि चिपळूणची वाशिष्ठीही. पाणी धोक्याच्या खुणेवर गेलं की गाडी थांबते. प्रवासी चिडतात, गाडी लेट होते, तरी माझ्या मते यालाच आपत्तीत टिकणं म्हणतात. रस्त्याच्या पुलांना हे का नाही, हा प्रश्न विचारायचा हक्क महाडकरांएवढा कोणाचाच नाही.

प्रश्न : आमच्याकडे नवीन पुलाबद्दल इंजिनिअरसाहेब म्हणाले, शंभर वर्षांच्या पुराला डिझाइन केलाय, तुमच्या नातवंडांना पण काळजी नाही. खरंय का हे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : त्यांनी डिझाइनचं खरं सांगितलं असेल पण तुम्हाला जो अर्थ पोचला तो चुकीचा. शंभर वर्षांचा पूर म्हणजे दरवर्षी तेवढा किंवा त्याहून मोठा पूर यायची शक्यता १ टक्का. वर्षामागून वर्ष ती साठत जाते, ३० वर्षांत निदान एकदा तरी यायची शक्यता साधारण २६ टक्के होते, आणि १०० वर्षांत ६३ टक्के. शिवाय हा १ टक्का काढतात जुन्या पावसाच्या नोंदींवरून. २०१९ आणि २०२१ दोन्ही वर्षी कृष्णेने काय केलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत महाबळेश्वरला जवळपास ६०० मिलिमीटर पडला. मुंबईची गटारं एकेकाळी तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशोबाने होती, नंतर ५० धरले, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला, त्यातला बराचसा काही तासांत.

त्यामुळे साहेबांना भेटाल तेव्हा हे विचारा. एचएफएल, म्हणजे आजवरची सर्वात उंच पूररेषा, कुठल्या वर्षाची धरलीय, २०१९ ची आहे का? गर्डर, म्हणजे रस्ता पेलणारी आडवी तुळई, तिच्यापासून किती वर आहे? आणि जोडरस्त्याचा भराव किती लांब आणि किती उंच? हे शेवटचं लोक विसरतात. पूल उभा राहतो आणि भरावाची भिंत पाणी अडवून वरच्या बाजूच्या गल्ल्या बुडवते, म्हणजे पुलाचं डिझाइन पास आणि गाव नापास. एन्व्हिजनमधला बाकीच्या यंत्रणांशी मेळ आहे का, हा मुद्दा याच्याच जवळचा आहे.

प्रश्न : भारतात असं रेटिंग आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : इमारतींसाठी गृहा आणि आयजीबीसी आहेत, आयजीबीसीचं मेट्रोसाठी आणि रेल्वे स्टेशनसाठीही आहे. त्यांचा भर जास्त करून वीज, पाणी, कचरा, साहित्य यावर. आपत्तीत टिकण्याच्या विषयावर सप्टेंबर २०१९ मध्ये भारताच्याच पुढाकाराने सीडीआरआय ही आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठीची आंतरराष्ट्रीय आघाडी सुरू झाली, ऑफिस दिल्लीत आहे, पण ती आघाडी आहे, गावच्या पुलाला मार्क देणारी संस्था नाही. तोवर माहितीच्या अधिकारात तीन कागद मागा : पुलाचा हायड्रॉलॉजी रिपोर्ट (नदीला किती पाणी येईल याचा हिशोब), शेवटच्या पाहणीचा रिपोर्ट आणि गेल्या पाच वर्षांत देखभालीवर झालेला खर्च. कोणाला मिळाले तर स्कॅन करून मासिकाकडे पाठवा, आकडे समजावून सांगायला मी आहे.