सिंकला हात लागला की झिणझिण्या, आणि मालक म्हणतात ‘घर पाहूनच घेतलंत’

प्रश्न : आम्ही लिव्ह अँड लायसन्सवर राहतो. स्वयंपाकघरात फ्रिज आणि स्टीलचं सिंक यांना एकदम हात लागला की झिणझिण्या येतात. इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडलं, तर अर्थिंगची वायरच नाही. अर्थच्या पिनला न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचा, तुकडा जोडलेला. आधीच्या भाडेकरूंनीही मालकांना हे व्हॉट्सअ‍ॅपवर कळवलं होतं. मालक म्हणतात, ‘घर पाहूनच घेतलंत.’ दुरुस्ती करून खर्च भाड्यातून कापू का?

उत्तर : भाड्याचं नंतर बघू. आधी मेन बंद करून फ्रिजचा प्लग काढा, आजच. या जोडणीत मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर फ्रिजचा पत्रा थेट २३० व्होल्टवर येतो. माणसाच्या अंगातून जाणारा करंट एमसीबी (करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पाडायला पुरत नाही, त्यामुळे तो पडतही नाही. आज झिणझिण्यांवर भागतंय म्हणून थांबू नका, घरात पोरंबाळं असतील तर मुळीच नाही.

मालकांचा मुद्दा टिकणारा नाही. सॉकेटच्या आतली वायर घर पाहताना कोणाला दिसते? भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५७ नुसार, जागेतला धोकादायक दोष मालकाला ठाऊक असेल आणि तुम्हाला नसेल, तर तो सांगणं त्याच्यावर बंधनकारक आहे. म्हणून आधीच्या भाडेकरूंचा तो मेसेज, तारखेसह, आधी मिळवा. तुमची बाजू त्यावरच उभी राहील.

आता कपातीचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये किमान १५ दिवसांची नोटीस देऊन दुरुस्ती करण्याची आणि वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत कपात करण्याची सोय आहे, पण ती भाडेकरूला. तुमचा करार लायसन्सचा, म्हणजे कायद्याच्या लेखी तुम्ही भाडेकरू नाही. त्या कलमाच्या भरवशावर पैसे कापलेत, तर थकबाकीदार तुम्हीच ठराल. करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. मोठी दुरुस्ती मालकाकडे असं बहुतेक करारांत असतं.

मग स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा. परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून स्वयंपाकघराला अर्थिंगची वायर, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच), नळ-सिंकच्या धातूच्या पाइपांचं बाँडिंग (ते वायरने अर्थिंगला जोडणं) आणि काम झाल्यावर चाचणीचा लेखी अहवाल, एवढं मागा. मुदत द्या. त्यात काही झालं नाही तर काम आम्ही करून घेऊ आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू, हेही लिहा. माहीत असूनही दुर्लक्ष केल्याने कोणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली गुन्हा होऊ शकतो, ही ओळ जरूर घाला.

काम सुरू होण्याआधी, मेन बंद असताना, उघड्या सॉकेटचे त्या न्यूट्रलच्या तुकड्यासकट फोटो काढून ठेवा आणि इलेक्ट्रिशियनकडून जे दिसलं ते सही-तारखेसह लिहून घ्या.