कॅबर्ने आणि शिराझ दोन्ही सारख्याच तुरट लागतात, फरक ओळखायचा कसा?

तुम्ही विचारलंय की भुसावळला मित्रांनी मिळून एक कॅबर्ने सोव्हिन्यॉन आणि एक शिराझ (दोन वेगवेगळ्या काळ्या द्राक्षांच्या रेड वाइन) आणली, शेवभाजीसोबत प्यायली, आणि दोन्ही सारख्याच कडवट-तुरट लागल्या. वर हेही लिहिलंय की ‘बहुतेक माझ्या जिभेलाच कळत नाही’.

जिभेला बोल लावू नका. शेवभाजी आणि मे महिना, या दोघांनी मिळून दोन्ही बाटल्यांची वाट लावली. अशा दणकट रेड वाइनमध्ये अल्कोहोल साधारण १३ ते १४.५ टक्के असतं. मिरचीने तोंड पेटलेलं असताना ते आगीत तेल ओततं, आणि तुरटपणाही जास्त बोचतो. काळ्या मसाल्याची तर्री समोर असेल तर सरळ थंड बिअर घ्यावी. माझं मत ठाम आहे, कोणाला राग आला तरी.

आता उन्हाळा. ‘रेड वाइन रूम टेम्परेचरला प्यावी’ हे ज्यांनी लिहिलं त्यांच्या घरात गारठा असायचा. आपल्याकडे वैशाखात बाहेर ४४-४५ अंश, घरात कूलर लावूनही तिशीच्या वरच. या वाइनला १६ ते १८ अंश हवेत. म्हणजे फ्रिजमध्ये दीड-दोन तास, किंवा बादलीत बर्फ आणि पाणी घालून पंधरा-वीस मिनिटं. दोन्ही बाटल्या एकदमच ठेवायच्या आणि एकदमच काढायच्या, कारण जी जास्त गार ती जास्त तुरट लागते आणि जी कोमट तिच्यातून नुसता अल्कोहोलचा भपका येतो. शक्यतो खरेदी थंडीत करा. उन्हाळाभर दुकानाच्या तापलेल्या फळीवर उभी राहिलेली बाटली आतून शिजलेली असते. बूच थोडं वर आलेलं दिसलं किंवा वेष्टनाखाली चिकट ओघळ दिसला तर ती घेऊच नका.

बाटल्या निवडताना लेबल नीट वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच रेड वाइन कॅबर्ने आणि शिराझच्या मिश्रणाच्या असतात. ग्रोव्हरची ‘ला रिझर्व्ह’ अशीच आहे. चांगली आहे, पण या कामाला उपयोगाची नाही. एकाच कंपनीच्या, जवळपास एकाच किमतीच्या दोन घ्या. अकलूजच्या फ्रातेल्लीच्या दोन्ही मिळतात. सुलाची ‘दिंडोरी रिझर्व्ह शिराझ’ ओकच्या पिंपात मुरवलेली असते. तिच्याशेजारी पिंप न पाहिलेली साधी कॅबर्ने ठेवलीत तर तुम्हाला द्राक्षाचा नाही, लाकडाचा फरक कळेल.

आता चाखायची पद्धत. काचेचे तीन सारखे ग्लास घ्या (स्टीलचे नकोत, रंग दिसत नाही). दोघांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. दोन-दोन घोटच ओता, आणि ओतणारा माणूस दुसरा असू द्या. तुम्ही फक्त वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. नावं सांगायची नाहीत, वर्णन करायचं नाही. नुसत्या अंदाजाने तीनात एकदा बरोबर येतंच, म्हणून ग्लासांची जागा बदलून चार-पाचदा खेळा. चव तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही हीच चाचणी करतात. दोन घोटांच्या मध्ये पाणी आणि ज्वारीच्या साध्या भाकरीचा तुकडा. कळण्याची भाकरी नको, तिची स्वतःचीच चव दांडगी असते. घोट थुंकायला वाटी ठेवा, नाहीतर तिसऱ्या फेरीपर्यंत सगळंच गोड लागायला लागतं.

घोट तोंडात फिरवून थांबायचं आणि शोधायचं की काय कुठे होतंय. जबड्याच्या कडांना पाणी सुटलं तर ते आम्ल. हिरड्या खरखरीत झाल्या, वरचा ओठ दाताला चिकटल्यासारखा झाला तर ते टॅनिन: सालीतून आणि बियांतून आलेला हा पदार्थ लाळेतल्या प्रथिनांना धरतो आणि तोंड कोरडं पडतं. घशाशी ऊब आली तर अल्कोहोल. टॅनिन वेगळं ओळखायचं असेल तर आदल्या दिवशी बिनदुधाचा, बिनसाखरेचा चहा दहा मिनिटं मुरवून प्या. ‘तुरट’ आणि ‘कडू’ यांची गल्लत तिथेच सुटते.

कॅबर्नेचे मणी लहान, साल जाड, त्यामुळे तिचं टॅनिन हिरड्यांना जोरात धरतं. वासात कधीकधी हिरव्या ढोबळ्या मिरचीची झाक येते, आणि तो भास नाही. ढोबळ्या मिरचीला वास देणारा पदार्थच या द्राक्षात असतो. शिराझ त्यामानाने गोलसर, फळांचा वास पुढे, आणि मागून काळी मिरी. ही मिरी रोटंडोन नावाच्या पदार्थामुळे येते. मिरीच्या दाण्यातही तोच असतो, ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शोधलाय. गंमत म्हणजे पाचातल्या साधारण एकाला तो वास येतच नाही. तेव्हा मित्र म्हणाला ‘मिरी’ आणि तुम्हाला काहीच आलं नाही, तर दोघंही खरं बोलत असाल.

लेबलवरचं ‘ब्लॅककरंट’ सोडून द्या, ते आपण आइस्क्रीममध्येच खाल्लंय. जांभूळ, करवंद, फालसा, सुकं अंजीर, कोकम, यातलं जे आठवेल ते वहीत लिहा.

जेवण चाचणीनंतर. मीठ आणि चरबी टॅनिनला मवाळ करतात, म्हणून कमी तिखटाचं सुकं मटण कॅबर्नेला चालतं. शिराझसोबत कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत करून बघा, मात्र हिरवी मिरची निम्मी टाकायची. घरच्यांशी त्यावरून वाद होईल, तो तुमचा तुम्ही निस्तरा.

उरलेल्या बाटल्या बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवस सहज टिकतात. दुसऱ्या दिवशी परत तीन ग्लास मांडा. हवा लागल्यावर कोणती जास्त बदलली, ते इथे लिहा.