वाचक विचारतात : तारे रेघांसारखे का येतात?

प्रश्न : क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर, ५० मिमी लेन्स आणि ट्रायपॉड एवढ्यावर मृग नक्षत्राचे फोटो काढतो. २० सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये तारे रेघांसारखे आणि फुगलेले येतात. ट्रॅकर (ताऱ्यांच्या गतीने कॅमेरा फिरवणारं यंत्र) घ्यावाच लागेल का?

उत्तर : इतक्यात नको. खगोलीय विषुववृत्ताजवळचे (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या थेट वर आकाशात मानलेल्या रेषेजवळचे) तारे सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) सरकतात आणि मृगातले बाणाचे तीन तारे त्याला लागूनच आहेत. सेन्सरचा पिक्सेल ४ मायक्रॉनचा धरला तर तुमच्या लेन्सने एका पिक्सेलवर आकाशाचा साधारण १६ विकलांचा तुकडा येतो. म्हणजे २० सेकंदांत १८ पिक्सेलची रेघ येणारच. ‘५०० चा नियम’ (५०० ला लेन्सचे मिमी आणि सेन्सरचा क्रॉप फॅक्टर यांच्या गुणाकाराने भागा, तेवढे सेकंद) इथे साडेसहा सेकंद सांगतो, पण तो फार ढोबळ आहे. ३ सेकंद ठेवा. एफ/२.८, आयएसओ १६००, रॉ फाइल. असे २०० फोटो म्हणजे १० मिनिटांचा प्रकाश. लगेच, तिथेच लेन्सला झाकण लावून त्याच सेटिंगवर २० डार्क फ्रेम घ्या, म्हणजे फक्त सेन्सरचा नॉइज (दाणेदारपणा) टिपणारे काळे फोटो; तो नंतर मूळ फोटोंतून वजा होतो. उशीर केला तर सेन्सरचं तापमान बदलतं आणि नॉइज जुळत नाही. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही मोफत सॉफ्टवेअर सगळं एकावर एक रचून देतात.

फुगलेले तारे हा मात्र फोकसचा दोष. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विसंबू नका. ऑटोफोकस बंद करा, लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या पडद्यावर) व्याधाचा तेजस्वी तारा १० पट मोठा करा आणि ठिपका सर्वांत बारीक होईपर्यंत फोकस रिंग केसभर मागेपुढे फिरवा. मग रिंगवर चिकटपट्टी.

प्रश्न : तासाभराने फोटो धूसर का होतात?

उत्तर : लेन्सच्या काचेवर दव. पुसू नका, पुन्हा येतं. ड्यू हीटरचा (लेन्स किंचित गरम ठेवणारा) पट्टा सुरुवातीपासूनच लेन्सभोवती गुंडाळा.